जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण औषध मारूनही परत का येतो?

आधी लक्षणं जुळतात का बघा. जास्वंदीचे कोवळे शेंडे आखडलेत, पानं चुरगळून एकमेकांत गुंतलीत, कळ्या उमलायच्या आधीच गळून पडतायत. देठाच्या बेचक्यात कापसाचे बोळे चिकटवल्यासारखं पांढरं काहीतरी आहे. खालच्या पानांवर चिकट चकाकी, आणि जुन्या पानांवर त्याच चकाकीची काजळी झालेली. तुम्ही औषध मारता, चार दिवस झाड स्वच्छ दिसतं, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

पुण्यात हा खेळ साधारण फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू होतो आणि जूनमध्ये चांगले दोन-चार दणके पाऊस पडेपर्यंत चालतो. कोरडी, गरम हवा पिठ्याला मानवते, जोराच्या पावसात तो धुपून जातो. पण जूनपर्यंत थांबायचं तर झाडाचा नुसता सांगाडा उरतो.

माझी बाल्कनी कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. बावीस कुंड्या, त्यातल्या पाच जास्वंदीच्या, कारण सासूबाईंना रोज गणपतीला लाल फूल लागतं. सलग तीन उन्हाळे मी या पिठ्याशी भांडले आणि तिन्ही वेळा हरले. चौथ्या वर्षी कळलं की मी ज्यांना चिरडत होते ते माझ्याच बाजूचे सैनिक होते. ही पोस्ट त्या शहाणपणाची.

औषध मारल्यावर नेमकं काय होतं

पिठ्याच्या मादीला पंख नसतात. ती एका जागी सोंड रुतवून रस ओढत बसते आणि पोटाखाली कापसासारख्या पिशवीत अंडी घालते. एका मादीची अंडी शेकड्यांत असतात, तीनशे-चारशे सहज. ही पिशवी आणि मादीच्या अंगावरचं मेण पाण्याला दाद देत नाही. म्हणजे तुमच्या फवाऱ्यातलं पाणी कमळाच्या पानावरून ओघळावं तसं वरच्या वर निघून जातं. मरतात ती फक्त उघड्यावर फिरणारी बारकी पिल्लं.

पिशवीतली अंडी सुमारे आठवडाभरात फुटतात आणि नवी पिल्लं कोवळ्या शेंड्याकडे निघतात. बाटलीतलं औषध खोटं होतं म्हणून पिठ्या बाराव्या दिवशी परत येत नाही. औषध पोचलंच नव्हतं तिथून तो येतो.

हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं. त्या फांदीवर पिठ्याला खाणारेही कोणी ना कोणी असतात. त्यातल्या बहुतेकांच्या अंगावर ना मेणाचं चिलखत, ना कापसाची पिशवी. तुमचा फवारा त्यांना पहिल्यांदा लागतो. पिठ्याची नवी पिढी महिनाभरात तयार होते, त्याला खाणारे मात्र एकदा गेले की बाहेरून पुन्हा झाड शोधत यायला आठवडे लागतात. मधल्या काळात रान मोकळं. म्हणून दर फवारणीनंतर पिठ्या आधीपेक्षा जोरात आल्यासारखा वाटतो. तो भास नसतो.

पांढरं ते सगळं पिठ्या नव्हे

माझी चूक इथे झाली. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन बसले होते. देठावर नेहमीचे पिठे होतेच, पण त्यांच्यात चार-पाच दांडगे होते. नखाएवढे लांब, अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या लोंबणारे. मला वाटलं, हे म्हातारे झालेले पिठ्या ढेकूण, यांचीच पोरं बाकीची सगळी. त्यांना मी वेचून वेचून, अगदी सूड घेतल्यासारखं मारलं.

त्या क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या होत्या. त्यांचा आहारच पिठ्या ढेकूण. सावजासारखंच सोंग घेऊन त्या कळपात शिरतात. असं एक पिल्लू वाढीच्या काळात अडीचशेपर्यंत लहान पिठे खाऊ शकतं. मी चार-पाच मारली, हिशोब तुम्हीच करा.

हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये तो कॉफीवरच्या खवले किडीसाठी दक्षिण भारतात आणला गेला. त्या कामात त्याने काही दिवे लावले नाहीत, पण इथेच रुळला आणि पिठ्याचा काळ ठरला. पुढे 1994 मध्ये वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडा बेटावर हाच जास्वंदीचा गुलाबी पिठ्या पोचला आणि आजूबाजूच्या बेटांवर पसरला. तेव्हा त्रिनिदादने हे ढालकिडे भारतातूनच मागवले होते. आपल्याकडून लोक ज्याला विमानाने नेतात, त्याला मी टूथब्रशने घासत होते.

आता ओळखायचं कसं ते. उदबत्तीची जळकी काडी घ्या आणि पांढऱ्या जिवाला हलकेच डिवचा.

पिठ्या असेल तर तो जवळपास हलत नाही. पोरं-बाळं धरून तिथेच चिकटून राहतो. लांबी तीन मिलिमीटरच्या आसपास, अंगावर पिठाची बारीक बुकणी. चिरडला तर गुलाबीसर किंवा पिवळट डाग पडतो.

क्रिप्टोलेमसची अळी असेल तर ती लगेच चालू पडते. पूर्ण वाढलेली अळी पिठ्याच्या तिप्पट-चौपट लांब. अंगावरच्या झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या, नुकतंच डोकं धुतलेल्या माणसासारख्या. काडीने उलटी केली तर पुढे सहा पाय स्पष्ट दिसतात. मोबाइलचा कॅमेरा दुप्पट झूम करून फोटो काढला तरी पुरे, भिंग लागत नाही. मोठा झालेला ढालकिडा मात्र चार मिलिमीटरचा, काळपट तपकिरी, डोकं आणि मान नारिंगी. त्याच्या पाठीवर ठिपके नसतात, त्यामुळे तो ढालकिडा आहे हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आणखी दोन गोष्टी फांदीवर दिसल्या तर हात मागे घ्या.

एक म्हणजे तपकिरी, फुगीर, कडक झालेले पिठे. छोट्या पिंपासारखे दिसतात, अंगावर पीठ जवळपास नसतं. काहींना एका टोकाला गोल भोक असतं. आत एक इवलीशी गांधील वाढलेली असते, तिने पिठ्याला आतून पोखरून खाल्लेलं असतं आणि भोक पाडून ती उडून गेलेली असते. भोक नसलेला पिंप म्हणजे गांधील अजून आत आहे. तो नखाने खरवडून काढलात तर पुढची तुकडी घालवलीत.

दुसरी म्हणजे केसाच्या टोकावर टांगलेली पांढुरकी अंडी. पानाच्या कडेला बारीक दोरे उभे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक टिंब. लोकांना ती बुरशी वाटते. ती असतात हिरव्या, जाळीदार पंखांच्या क्रायसोपर्ला या कीटकाची. अळी बाहेर आल्यावर मावा, पिठ्याची पिल्लं, फुलकिडे, समोर येईल ते खाते. अंडी काठीवर ठेवायचं कारणही मजेदार सांगितलं जातं. भावंडंच एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून आईने सोय केलेली.

एकदा मात्र मी खरीच चक्रावले. जास्वंदीच्या फांदीवर माकडाचं तोंड दिसलं, दोन डोळे, नाक, सगळं. तो निघाला एपफ्लाय नावाच्या फुलपाखराचा कोष. फुलपाखराच्या अळ्या पानं खातात असं आपण शाळेत शिकतो. याची अळी पिठ्या ढेकूण खाते आणि त्यांचंच पीठ अंगावर माखून बसते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कोणी सांगूनही पटलं नसतं.

आधी मुंग्या बघा, मगच पिठ्या

खोडावर रांग लागलेली असेल तर बाकीचे उपाय नंतर. पिठ्या रस ओढून जादा साखर मागून बाहेर टाकतो. तीच ती पानांवरची चिकट चकाकी. मुंग्या ती चाटतात आणि त्या बदल्यात राखण करतात. ढालकिड्याच्या अळीवर धावून जातात, गांधिलीला अंडी घालू देत नाहीत, आणि पिल्लांना नव्या फांदीवर वाहूनही नेतात. गवळ्याने गुरं राखावीत तसा प्रकार. मी एका कुंडीच्या मुंग्या थांबवल्या आणि बाजूच्या कुंडीच्या तशाच ठेवल्या. तीन आठवड्यांत फरक इतका दिसला की सासूबाईंनी विचारलं, या झाडाला वेगळं काय घातलंस?

मुंग्या थांबवायचे दोन मार्ग माझ्याकडे चालले. खोडाला तळापासून चार बोटांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर. थेट सालीवर जेली लावू नका, उन्हात साल खराब होते. धूळ बसली की थर बदला, आमच्याकडे आठवड्यातून एकदा लागतो. दुसरा मार्ग, कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर आणि ते तुकडे पाण्याच्या ताटलीत. पाण्यात साबणाचे चार थेंब टाका. आणि दर चार-पाच दिवसांनी ताटली न चुकता उलटी करा, नाहीतर पिठ्या घालवण्याच्या नादात डेंग्यूचे डास पाळाल. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

दोन्ही उपाय फुकट जातात ते एकाच कारणाने. फांदी ग्रिलला किंवा भिंतीला टेकलेली असते. मुंग्यांना तो पूल पुरतो. टेकलेल्या फांद्या आधी छाटा किंवा सुतळीने मागे बांधा.

मग पिठ्याला हात कसा लावायचा

हात लावायचाच नाही असं मी म्हणत नाही. मित्रकीटक येतील म्हणून हात जोडून बसलं तर झाड जातं. पण हत्यार असं हवं की जिथे लागेल तिथेच मारेल आणि वाळल्यावर मागे विष उरणार नाही.

पहिलं पाणी. टेरेसवर नळी असेल तर अंगठ्याने तोंड दाबून जोराची धार पानांच्या खालून मारा, सकाळी. खाली पडलेले बहुतेक पिठे पुन्हा वर चढू शकत नाहीत. बाल्कनीवाल्यांनी खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगावं, त्यांचे वाळत घातलेले कपडे असतात. (अनुभवाचे बोल.) ज्या दिवशी पाणी बंद असतं तो दिवस अर्थात सोडून द्या.

दुसरं, मोठ्या माद्या आणि त्यांच्या कापसाच्या पिशव्या हाताने काढा. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट कानातल्या कापसाच्या काडीला लावून एकेकीला टेकवा. मेण विरघळतं आणि ती जागेवर तांबूस पडते. कंटाळवाणं काम आहे, पण नेम फक्त तिच्यावरच बसतो. पाच कुंड्यांना मला संध्याकाळची चाळीस मिनिटं लागतात, रेडिओ लावून बसते.

तिसरं, एवढं करून पुरत नसेल तेव्हाच साबण किंवा कडुनिंब. एक लिटर पाण्यात 5 मिली सौम्य द्रवसाबण, हवं तर 5 मिली निंबोळी तेल त्यातच फेटून. आधी एकाच फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पानं करपली नाहीत ना बघा. ऊन उतरल्यावर मारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्या झाडावर नको. जिथे पिठ्या दाट आहे आणि झिपरी अळी एकही नाही, तेवढ्याच फांद्यांवर. साबणाचं पाणी अंगावर पडलं तर ढालकिड्याचं पिल्लूही मरतं, नैसर्गिक असलं म्हणून ते कोणाला ओळखत नाही. पण वाळल्यावर त्याचा जोर संपतो, आणि नंतर आलेल्या कीटकाला धोका राहत नाही.

आठ दिवसांनी पुन्हा एकदा, आणि आणखी आठ दिवसांनी तिसऱ्यांदा. मधल्या अंड्यांचा हिशोब वर सांगितलाच आहे. एकदाच मारून सोडणं म्हणजे न मारल्यासारखंच.

बिनलेबलच्या बाटलीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. आमच्या सोसायटीत बाग बघायला येणाऱ्याने एकदा पाण्याच्या जुन्या बाटलीत पिवळट काहीतरी आणलं होतं. काय आहे विचारलं तर म्हणाला, "ताई, एकदम पावरफुल आहे." होतंच. त्या आठवड्यात पिठ्या गेला आणि त्याबरोबर खिडकीशी येणारी शिंजीर जोडीही यायची बंद झाली. तिचं आणि औषधाचं नातं मी सिद्ध करू शकत नाही. पण जास्वंदीच्या फुलात चोच घालून मध पिणारा पक्षी, तेच फूल देवाला वाहणारे आपण, आणि त्याचंच तेल करून केसांना लावणाऱ्या शेजारच्या काकू, हे डोळ्यांसमोर आणलं तर काय मारतोय ते कळल्याशिवाय मारू नये एवढं पटायला हरकत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी झाडात भिनणारी औषधं तर मधात आणि परागातही उतरतात. भुंगा आणि मधमाशी त्यातूनही मरू शकते.

मित्रांना थांबवायचं तर जेवण लागतं

ढालकिड्याला पिठे हवेत हे खरं, पण बारीक गांधिली आणि सिरफिड माश्या मोठ्या झाल्या की मध आणि परागावर जगतात. बाल्कनीत एकही छोटं फूल नसेल तर त्या पोट भरायला कुठेतरी निघून जातात. यासाठी काही विकत आणावं लागत नाही. कोथिंबीर सगळी खुडू नका, एक कोपरा फुलू द्या. शेपूचंही तसंच. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो म्हणजे झाड वाढतं, ते बरोबरच आहे, पण दोन फांद्यांवरच्या राहू द्या. माझ्याकडे सिरफिड माश्या पहिल्यांदा दिसल्या त्या शेपूच्या पिवळ्या फुलांवर, मधमाशीसारख्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी थांबणाऱ्या. त्या डंख मारत नाहीत. त्यांच्या अळ्या मावा खातात.

एक किडा घालवायला दुसरा किडा आणण्याची कल्पना बाल्कनीपुरती नाही. 2008 मध्ये कोइमतूरला पपईवर एक परदेशी पिठ्या सापडला आणि दोन वर्षांत दक्षिणेत आणि आपल्याकडेही पसरला. 2010 मध्ये बेंगळुरूच्या, शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून त्याच्या शत्रू गांधिली मागवल्या. त्यातली एक, अ‍ॅसेरोफॅगस पपायी, इतकी रुजली की शेतकऱ्यांनी फवारणी कमी केली. आपल्याकडे शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातही जैविक कीड नियंत्रणावर काम चालतं.

पिठ्याशी संबंध नाही, पण न मारण्याचा नियम इथेही: कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या, तर त्या फुलपाखराच्या. डिवचलं की डोक्यातून लालसर शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. कढीपत्ता मोठा असेल तर पाच-सहा अळ्या सहज सोसतो. रोप हातभर असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा, एवढं पुरे.

सगळं करूनही परत आला तर

तीन ठिकाणं तपासा.

कुंडीच्या आत. पिठ्याची एक जात मुळांवर राहते. रोप हलकेच उपटून मातीचा गोळा बघा, मुळांवर पांढरी राख भुरभुरल्यासारखी दिसली तर वर कितीही फवारा, उपयोग नाही. माती बदला, मुळं साबणपाण्यात धुवा, कुंडी घासून उन्हात ठेवा.

नवं रोप. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून किंवा सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून कोवळं, लुसलुशीत रोप आणून आपण कौतुकाने जुन्या जास्वंदीशेजारी ठेवतो. दोन आठवडे ते वेगळ्या खोलीत किंवा बाथरूमच्या खिडकीत ठेवा, बेचक्यात पांढरं दिसत नाही ना बघा.

खत. जास्वंदीला फुलं यावीत म्हणून दर पंधरा दिवसांनी युरिया घालणारे लोक मला माहीत आहेत, मीही त्यातली होते. नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात आणि पिठ्याला तेच हवं असतं. मार्च ते मे मूठभर शेणखत पुरे.

आणि एखादी फांदी इतकी माखली असेल की कापसाच्या काडीने एकेकीला टिपणं अशक्य, तर ती कापा, वाद घालू नका. कापायच्या आधी तेवढं एकदा नीट बघा, झिपरी अळी असेल तर तिला काडीवर घेऊन दुसऱ्या फांदीवर सोडा. कापलेलं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग पिशवी फाडून आतलं ओल्या कचऱ्यात टाका. बाल्कनीतल्या कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, तिथून वर चढायला त्याला वेळ लागत नाही.